धृती, दैव आणि खेळाडूंची अदलाबदल

तरुण बास्केटबॉल संघ सतत हरू लागला की चाहत्यांत दोन तट पडतात. एकांचे म्हणणे, या मुलांना वाढू द्या. दुसऱ्यांचे म्हणणे, दोघांना ट्रेडमध्ये द्या आणि तयार खेळाडू आणा. वरवर हा डावपेचांचा वाद वाटतो, पण त्याच्या मुळाशी नीतीचा जुना प्रश्न आहे: वाट पाहणे हा सद्गुण केव्हा ठरतो?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार येतात. मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया योगाने सावरते ती सात्त्विक, फळाच्या आशेने धर्म, अर्थ आणि काम यांना धरून राहते ती राजस, आणि निद्रा, भय, शोक, विषाद, मद सोडू देत नाही ती तामस. तिन्हींना नाव धृतीचेच आहे, हे फार महत्त्वाचे. नुसती चिकाटी गुण ठरत नाही. ती कशाला धरून आहे, हे पाहावे लागते.

फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सची गोष्ट या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये तळाच्या संघांना ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. 2013 मध्ये सॅम हिंकी यांनी संघाची सूत्रे घेतली, जरू हॉलिडे हा ऑल-स्टार खेळाडू देऊन टाकला आणि भविष्यातले ड्राफ्ट हक्क साठवायला सुरुवात केली. पुढच्या तीन हंगामांत 82 पैकी अनुक्रमे 19, 18 आणि 10 सामने जिंकले गेले. चाहत्यांनी ‘ट्रस्ट द प्रोसेस’ ही घोषणा उचलली. म्हणजे संयमाचे हे सर्वांत गाजलेले उदाहरणही ट्रेडपासूनच सुरू झाले. ही धृती राजस होती: सगळा डोळा फळावर, आणि आजचा पराभव हे त्याचे भांडवल.

इथे तत्त्वज्ञ कांटचा 1785 मधला आक्षेप लागू पडतो: माणसाला केवळ साधन मानू नये. तो सहसा ट्रेडवर घेतला जातो. 2018 मध्ये टोरांटोने नऊ हंगाम निष्ठेने खेळलेल्या डिमार डीरोझनला देऊन क्वाय लेनर्डला आणले, तेव्हा डीरोझन दुखावला, आणि ते रास्तच होते. पण हरण्यासाठीच रचलेल्या संघात ज्या तरुणांची उमेदीची वर्षे जातात, तेही साधनच बनतात. त्यांच्या वाट्याच्या अन्यायाबद्दल क्वचितच कोणी बोलते.

गीतेने कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. यातले दैव किती मोठे असते पाहा: मे 2019 मध्ये फिलाडेल्फिया आणि टोरांटो हे दोन संघ उपांत्यपूर्व मालिकेच्या सातव्या सामन्यात समोरासमोर आले. गुण बरोबरीत असताना लेनर्डने अखेरच्या क्षणी फेकलेला चेंडू बास्केटच्या कड्यावर चार वेळा आपटून आत पडला. टोरांटोने पुढे विजेतेपद मिळवले. तेवढ्यावरून ट्रेड शहाणपणाचा आणि संयम खुळा ठरवणे म्हणजे पाचव्या कारणाचे श्रेय कर्त्याला देणे.

लेनर्ड त्याच उन्हाळ्यात क्लिपर्स संघाकडे गेला. त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून क्लिपर्सनी तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर आणि अनेक ड्राफ्ट हक्क ओक्लाहोमा सिटीला दिले. ओक्लाहोमाने 2021-22 मध्ये 24 सामनेच जिंकले, पण त्या काळात खेळाडू घडवणे थांबवले नाही. क्लिपर्सकडून आलेल्या एका हक्कातून जेलन विल्यम्स मिळाला. 2024 मध्ये गरज दिसताच त्यांनी स्वतःच निवडलेल्या जॉश गिडीच्या बदल्यात बचावपटू ॲलेक्स करूसो घेतला, आणि 2025 मध्ये हा संघ विजेता झाला.

चाहत्याचे स्थान यात वेगळे आहे. निर्णय त्याच्या हाती नसतो, त्यामुळे त्याचा संयम हा दुसऱ्याच्या कर्मावरचा विश्वास असतो. असा विश्वास मागणाऱ्या व्यवस्थापनाने आजचा सामना जिंकण्यासाठीच खेळला पाहिजे. पराभवाचा मोह कमी व्हावा म्हणून एनबीएने 2019 पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची समान, 14 टक्के, संधी दिली. त्याआधी शेवटच्या संघाला ती 25 टक्के होती.