खोटा वन्समोअर

तिकीट पाचशे रुपयांचं होतं. गुलाबी जाड कागद, त्यावर ‘संगीत मानापमान : निवडक पदांची मैफल’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ज्येष्ठ ऑर्गनवादकांच्या वैद्यकीय साहाय्यार्थ’ असं लिहून पुढं त्यांचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं येईलच.

आपण त्यांना काका म्हणू. मी त्यांना तेच म्हणते. मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. चाळीस वर्षं त्यांनी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. प्रयोग कमी होत गेले तसं भजनी मंडळ, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नातली मंगलाष्टकं, जे मिळेल ते वाजवलं. घरी मुलांना पेटी शिकवायचे. त्या मुलांत मीही होते. चार वर्षं शिकले, पण पेटी काही हाताला लागली नाही. काका उगाच ‘वा’ म्हणणाऱ्यांतले नव्हते. फार झालं तर ‘बरं’ म्हणायचे. चार वर्षांत माझ्या वाट्याला दोनदा ‘बरं’ आलं, आणि दोन्ही वेळा मी घरी पळत जाऊन आईला सांगितलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. विमा नव्हता. मुलीचं लग्न झालेलं, तिचीच ओढाताण चाललेली. मी पुण्याहून शनिवारी गेले, दवाखान्यात त्यांना बघितलं आणि फोन काढला. नाकात नळी, वाकडं झालेलं तोंड, चादरीवर निपचित पडलेला उजवा हात. फोटोखाली चार ओळी लिहिल्या, काकूंच्या खात्याचा क्यूआर कोड जोडला आणि पोस्ट केलं. दोन दिवसांत दोन लाख चाळीस हजार रुपये जमले. खरं सांगायचं तर मी रुपयांबरोबर लाइक्सही मोजत होते.

काका घरी आल्यावर शेजारच्या पोरानं कौतुकानं तो फोटो त्यांना दाखवला. ते मला काही बोलले नाहीत. काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, “अगं, केस तरी विंचरून घ्यायचे होतेस त्यांचे.”

त्यानंतर चारेक महिन्यांनी सांगलीतल्या काही गाणाऱ्या मंडळींनी ही मैफल ठरवली. सगळी काकांच्या साथीवर कधी ना कधी गायलेली. पूर्ण नाटक उभं करायचं तर पडदे, भरजरी पोशाख, तालमी. तो खर्च कुणाला झेपणार? म्हणून फक्त पदं आणि मधून निवेदन. काकांनी एकच अट घातली : मी वाजवणार असेन तर करा.

मी पुण्यातल्या एका मित्राला तिकीट घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, “पाचशे थेट त्यांनाच पाठवतो ना. सभागृहाचं भाडं, साउंडवाला, छपाई, हे सगळं कशाला मध्ये?”

हिशेबानं तो बरोबर होता. एकशे ऐंशी तिकिटं खपली, म्हणजे नव्वद हजार. त्यातले एकवीस हजार खर्चात गेले, काकांच्या हातात एकोणसत्तर हजार पडले. गाणाऱ्यांनी एक पैसा घेतला नव्हता, तरीही. माझ्या एका फोटोनं, शून्य खर्चात, तिपटीहून जास्त मिळवले होते.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा १९७२ सालचा एक निबंध आहे. त्यातलं उदाहरण तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल : उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही काठावरून चाललाय, आत उतरलात तर कपडे चिखलानं भरतील. अर्थातच उतरायचं. सिंगर म्हणतो, दूरच्या देशातल्या उपाशी माणसाचंही तसंच आहे. हा युक्तिवाद मला अजूनही खोडता येत नाही. फोटो टाकताना माझ्या डोक्यात नेमकं हेच होतं. माणूस बुडतोय, कपड्यांचा विचार कसला करायचा?

पण त्या तळ्याच्या गोष्टीत मूल बाहेर काढलं की गोष्ट संपते. काकांना बाहेर काढल्यावर त्याच गल्लीत राहायचं होतं. रोज सकाळी दूध आणायला जायचं होतं. दुकानदारानं तो फोटो बघितलेला, त्याच्या पोरानंही बघितलेला. आणि माझ्या गोष्टीत चिखल माझ्या कपड्यांना लागलाच नव्हता.

आपल्याकडं दानाबद्दल पुष्कळ लिहून ठेवलंय. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की द्यावं ते श्रद्धेनं द्यावं, आणि देताना लाजावं. लाजायचं ते देणाऱ्यानं. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर अवमान करून दिलेलं दान सरळ तामस ठरवलंय. आपण मात्र ती लाज उचलून घेणाऱ्याच्या अंगावर टाकली. देणाऱ्याचं नाव पाटीवर, घेणाऱ्याचा चेहरा फोटोत.

म्हणून मला मैफलीची कल्पना आवडली. पाचशे रुपये दिले आणि अडीच तास गाणं ऐकलं, तर ते दान राहत नाही. मराठीत कलाकाराला देतो त्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. शब्दात धनाच्या आधी मान आहे. काका वाजवतील, आपण ऐकू, तेही ताठ, आपणही ताठ. मला वाटलं, माझ्या फोटोची भरपाई या तिकिटात होऊन जाईल.

नाटकाची निवडही नेमकी होती. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आलं. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, जे स्वतः नावाजलेले पेटीवादक. गोष्ट साधी आहे. श्रीमंताघरची भामिनी, धैर्यधर हा शूर सेनापती गरीब आहे म्हणून त्याला नाकारते, त्याचा अपमान करते. पुढं वेश पालटून त्याच्या छावणीत जाते आणि तो माणूस काय आहे हे तिला जवळून दिसतं. खिशात पैसा नसलेल्या माणसाला मान कसा द्यायचा, याचंच हे नाटक. तीच पदं आता खिशात पैसा नसलेल्या एका माणसासाठी गायली जाणार होती.

मध्यंतराच्या आधी शेवटचं काकांचं वादन होतं. धरून आणून त्यांना ऑर्गनसमोर बसवलं. ऑर्गन पायांनी भाता मारून वाजवतात. त्यांचा उजवा पाय नीट उचलत नव्हता, म्हणून सगळा भार डाव्यावर. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उठत नव्हतं. उरलेल्या तीन बोटांनी सगळं कसं निभवायचं हे त्यांनी दोन महिने घरी बसून बसवलं होतं.

सुरुवात छान झाली. संथ आलाप होते तोवर तीन बोटं पुरली. सभागृह इतकं शांत की भात्याचा आवाज ऐकू येत होता. मग त्यांनी लय वाढवली आणि एका तानेत बोटं अडकली. पुन्हा धरायला गेले, पुन्हा अडली. तबलेवाल्यानं सांभाळून घेतलं तरी सम हुकली. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही कळावं अशी हुकली. आणि नेमक्या त्याच क्षणी टाळ्या पडल्या. जोरात. त्यांनी कसंबसं आवरतं घेतलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “वन्समोअर!”

दुसरा आवाज माझा होता. मग सगळेच ओरडायला लागले.

काकांनी डावा हात वर केला. सभागृह गप्प झाल्यावर ते म्हणाले, “नको. वन्समोअर मिळावा असं आज वाजलेलं नाही.” शब्द अजून जड येत होते, पण स्पष्ट होते. मग त्यांनी डाव्या हातानं ऑर्गनचं झाकण लावलं.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. मी खुर्चीत अंग चोरून बसले.

मध्यंतरानंतर निवेदकानं संयुक्त मानापमानाची गोष्ट सांगितली. ती तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांनी मिळून मानापमानाचा एक प्रयोग केला, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तीन महिनेही झाले नाहीत तोवर, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. म्हणजे तोही मदतीचाच खेळ. पण शंभर वर्षांनंतर तो आठवतो तो दोन तुल्यबळ गायक एका रंगमंचावर समोरासमोर उभे राहिले म्हणून. प्रेक्षकांनी मदत केली हे खरंच, पण कारण चांगलं आहे म्हणून कान झाकले नव्हते.

तेव्हा मला माझी चूक दिसली, आणि ती मला वाटत होती त्याहून वेगळी होती. मला वाटायचं, माणसाला मदत घ्यायची लाज वाटते. ती वाटू नये म्हणून मदतीला गाण्याचं वेष्टन घालायचं. पण काकांना पैसे घ्यायची लाज वाटल्याचं मला कुठंच दिसलं नाही. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांना पाकीट दिलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, नमस्कार केला आणि म्हणाले, “घेतो. गरज आहे.” एवढंच. पैसे घेतले, वन्समोअर तेवढा घेतला नाही.

आपण आजारी माणसाशी, म्हाताऱ्या माणसाशी, अडचणीतल्या माणसाशी बोलताना पहिली गोष्ट काय करतो? मापं खाली आणतो. त्याच्या साध्याशा विनोदाला मोठ्यानं हसतो, वाईट कवितेला छान म्हणतो. आपल्याला तो चांगुलपणा वाटतो. पण त्यात आपण परस्पर ठरवून टाकलेलं असतं की याच्याकडून आता खऱ्या अर्थानं काही अपेक्षा करायची नाही. माझा फोटोही हेच करत होता. चाळीस वर्षं स्वरांवर कान ठेवून जगलेल्या माणसाचा मी एक निपचित हात करून टाकला होता. आणि तो वन्समोअर म्हणजे तोच फोटो, फक्त तोंडावर ओरडलेला.

याचा अर्थ हुकलेल्या समेवर हुर्यो करायला हवी होती, असं मी म्हणत नाही. एक टाळी, नेहमीची, वाजवणाऱ्याच्या मेहनतीला जेवढी देतो तेवढी, पुरली असती. आणि याचा अर्थ फोटो टाकायलाच नको होता, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या दोन लाख चाळीस हजारांशिवाय दवाखान्याचं बिल भागलं नसतं आणि व्यायाम शिकवायला माणूस घरी आला नसता. ती तीन बोटं हलली त्यात माझ्या फोटोचाही वाटा आहे. हे दोन्ही एकदम खरं आहे, आणि एकातून दुसरं वजा करून बाकी काढता येत नाही. विचारता आलं असतं, एवढं मात्र नक्की. काका बोलू शकत नव्हते, पण काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. फोटो काढून टाकल्याचं सांगितलं. लोकांनी पुढं पाठवलेला मात्र माझ्या हातात नव्हता, तेही सांगितलं. विचारलं, “मी तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?”

त्यांनी थोडा वेळ विचार केला. “माहीत नाही,” म्हणाले. “काकूला विचारायचं होतंस.” मग दाराकडं बघत, “नाव तरी घालू नकोस आता कुठं.”

काकूंनी चहा आणला. कोपऱ्यात पेटी उघडीच होती. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “काल कुठं हुकलं, सांग.”

मला पहिल्यांदा म्हणावंसं वाटलं, छे हो काका, छान झालं. जिभेवर आलंच होतं. मग म्हटलं, “तानेत तिसऱ्यांदा वर जाताना बोट अडकलं. तिथंच सोडून खाली यायला हवं होतं. तुम्ही पुन्हा वर गेलात, म्हणून सम गेली.”

काका पेटीकडं बघत बसले. त्यांनी डाव्या हातानं ती जागा वाजवून बघितली, सावकाश, एकदा वर जाऊन, एकदा न जाता.

“बरं,” म्हणाले.