मायेचं दावं

श्रीदत्तप्रभूंच्या तसबिरीपुढं हात जोडले की मागची गाय आणि पायांशी बसलेले चार श्वान दिसतात. जाणकार सांगतात, गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद. आमची माय एवढंच म्हणायची, "देवाच्या घरी बी जितराब हाय, मग आपल्या घरी का नसावं?"

अंबड तालुक्यातल्या आमच्या घरी पहिली भाकरी गायीची, शेवटची कुत्र्याची. चिमण्यांसाठी आढ्याला ज्वारीची कणसं टांगायचं काम पुढं तिनं नातवंडांना लावून दिलं.

मला मात्र पुष्कळ वर्षं एक शंका होती. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. पिलं जाळ्यात सापडली, त्यांच्यामागं कपोती गेली, आणि शोकानं कपोतानंही जाळ्यात उडी घेतली. अतिस्नेह करू नये, हा त्याचा धडा. मग मायची ही ओढ मोहच म्हणायची का? आपल्या भाषेत 'माया' शब्द एकच. वेदांती त्याला भ्रम म्हणतो, आई त्याला जीव लावणं म्हणते.

उत्तर 1972 च्या दुष्काळातच मिळालं होतं, कळलं उशिरा. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात रेशनची मिलो ज्वारी. कडबा संपला, छपराचं गवतही गायीपुढं टाकून झालं. एक गिऱ्हाईक दारात आलं. पैसे बरे देत होतं, पण गाय कुठं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्या पैशांतून वह्या येतील म्हणून आशेनं बसलो होतो. मायनं गोदाकाठच्या आपल्या भावाला निरोप धाडला. त्याच्याकडं थोडा चारा होता. मामा आले. तिनं गायीला हळदकुंकू लावलं आणि दावं त्यांच्या हाती दिलं. एक पैसा घेतला नाही.

मी भांडलो, "आमच्यापेक्षा गाय मोठी का?"

"लेकरा, तुला भूक लागली तर तू मागशील. मुक्यानं कुणाला मागावं?"

त्या वर्षी मी जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. तो राग बरीच वर्षं मनात होता. दयेला किंमत असते आणि कधी ती घरच्यांनाही मोजावी लागते, हे खरंच आहे.

पुढं पाऊस झाला. मामा म्हणाले, गाय घेऊन जा. माय म्हणाली, "तिथं रमलीय, राहू द्या." माहेरी गेली की ती आधी गोठ्यात जायची, मग घरात.

कपोत जाळ्यात शिरला, मायनं दावं सोडलं. रडले दोघंही. पण कपोताला पिलांवाचून जगणंच नको होतं. मायला गाय जगायला हवी होती, मग ती कुणाच्याही गोठ्यात का असेना. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं. ते गाढव तरी नाथांचं कुठं होतं? माझं म्हणून जीव लावला की मोह, जीव आहे म्हणून लावला की दया. मला तरी एवढंच उमगलं.

आज माय नाही. दत्तजयंतीला नैवेद्य झाला की एक भाकरी दाराबाहेर जाते. नात विचारते, "आजोबा, ते कुत्रं आपलं नाही, मग त्याला का द्यायची?"

मी म्हणतो, "बाळा, म्हणूनच."

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥