दया आणि ममता : पाळीव प्राण्यांच्या स्नेहाविषयी एक विचार

मनुष्य आणि त्याने पाळलेला पशू यांच्यातील स्नेह बंधनास कारण होतो, की धर्मास साह्य करतो? हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु शास्त्रदृष्टीने तो लहान नाही. दया आणि ममता या दोन वृत्तींचा विवेक त्यात अंतर्भूत आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली असता साधक एक तर कठोर होतो, नाही तर गुंततो.

पुण्याच्या बुधवार पेठेत लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई यांनी १८९८ साली स्थापिलेले दत्तमंदिर आहे. आपल्या पंथात श्रीदत्तात्रेयप्रभूंचे एकमुखी रूप स्मरिले जाते. परंतु लोकांत रूढ असलेल्या चित्रांत त्रिमुखी मूर्तीच्या पाठीशी गाय व पायांशी चार श्वान असतात, आणि ते श्वान म्हणजे चार वेद असा अर्थ सांगण्यात येतो. याच पेठेतील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या वासनिक बाईंनी आमच्याकडे शंका मांडली. तेरा वर्षे सांभाळलेला त्यांचा कुत्रा मृत्यू पावला. दोन दिवस त्यांना अन्न गेले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी भरताची कथा सांगून बजाविले की, अंतकाळी कुत्रा आठवला तर पुढील जन्मही त्याचाच. बाईंनी विचारले, "बाबा, चित्रातल्या श्वानास वेद म्हणावयाचे आणि घरातल्या श्वानासाठी डोळ्यांत पाणी आले तर अधोगती, हे कसे?"

प्रथम पूर्वपक्ष पाहू. श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात राजा भरताचे आख्यान आहे. राज्य सोडून तो गंडकीतीरी तप करू लागला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या एका गर्भिणी हरिणीने नदीपार उडी घेतली. तिचा गर्भ प्रवाहात पडला आणि ती मरण पावली. भरताने त्या पाडसास वाचविले, वाढविले. हळूहळू त्याचे नियम सुटले, आणि अंतकाळी पाडसाचेच चिंतन घडून त्यास मृगयोनी प्राप्त झाली. एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेली कपोताची कथाही याच अर्थाची आहे; जाळ्यात सापडलेल्या पिलांच्या मोहाने तो पक्षी स्वतः जाळ्यात पडला. या दोन दृष्टान्तांवरून कोणी म्हणेल की, पशूवर जीव लावणे हाच दोष.

परंतु याच्या उलट दृष्टान्तही आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागून एक श्वान चालत येतो. स्वर्गाचा रथ समोर उभा असता, श्वानास टाकून चढावे असे इंद्र सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. जो अनुसरून आला त्याचा त्याग करणे त्यास महापातक वाटते. तो श्वान साक्षात धर्म होता असे पुढे उघड होते. म्हणजे एक राजा पशूमुळे पतन पावला आणि दुसरा पशूमुळे परीक्षेस उतरला. मग निर्णय कशाने करावा?

त्याचा निर्णय लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूतळी येऊन दडला. पारधी त्यास मागू लागले. शरण आलेला जीव स्वामींनी दिला नाही. गवत खाऊन, पाणी पिऊन रानात राहणाऱ्या या जीवाने तुमचे काय बिघडविले, अशा आशयाचे निरूपण करून त्यांनी पारध्यांचेही मन वळविले. पुढची कृती विशेष मननीय आहे. भय निवारल्यावर स्वामींनी जानू उचलली आणि सशास जाण्याची अनुज्ञा दिली. त्यास जवळ ठेवले नाही, आपला म्हटले नाही.

भरताच्या आख्यानाशी हे ताडून पाहावे. पाडसास प्रवाहातून काढणे हा भरताचा दोष नव्हे. ते न करता तो जपास बसला असता तर तोच दोष ठरता. पाडसाची गरज संपली, पण भरताची गरज सुरू झाली, तेथे दोष आहे. ते क्षणभर दिसले नाही तर तो व्याकुळ होई. ती व्याकुळता पाडसासाठी नव्हती, स्वतःच्या सुन्या मनासाठी होती. दया दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहते. ममता आपल्या सुखाकडे पाहते आणि दयेचे वस्त्र पांघरते.

हा भेद ओळखणे किती कठीण आहे, हे २०२५ साली महाराष्ट्राने पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ होती. तिच्या प्रकृतीचा विचार करून तिला जामनगर येथील वनतारा केंद्रात पाठवावे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. निरोपाच्या वेळी गाव रडला, आणि पुढे सहस्रावधी लोक तिला परत आणण्यासाठी पायी कोल्हापुरास गेले. त्या अश्रूंना खोटे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु अश्रू खरे असले म्हणून प्रश्न सुटत नाही. ती आम्हांस हवी आहे, हे एक वाक्य. तिला काय हवे आहे, हे दुसरे. प्रीती जितकी उत्कट, तितके दुसरे वाक्य उच्चारणे अवघड.

येथे कोणी शंका घेईल : सोडणे हीच दया असेल, तर घरचे कुत्रेही सोडावे काय? तसे नव्हे. ससा रानाचा जीव होता. त्याचे रान त्याची वाट पाहत होते. श्वानाच्या पूर्वजांना मनुष्याने हजारो वर्षांपूर्वी आपल्या उंबरठ्याशी आणले. घरात वाढलेल्यास आता दुसरे रान नाही. वाडा पाडून नव्या सदनिकेत जाताना वाड्यातला कुत्रा गल्लीत टाकून देणारा मनुष्य वैराग्य आचरीत नाही, शरणागताचा त्याग करतो. अशा जीवाला त्याच्या अंतापर्यंत अन्न, पाणी, औषध देणे हे गृहस्थाचे ऋण आहे. त्याचा अंत आला असता त्यास जाऊ देणे, हीच तेथे सशास दिलेली अनुज्ञा.

आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानिले आहेत. श्वानाच्या देहात आहे तोही जीवच. म्हणून तो दयेस पात्र आहे. पण तो परमेश्वर नव्हे. म्हणून चित्ताचे अंतिम स्थान त्यास देता येत नाही. भिक्षुकाने तर पशू पाळूच नये. त्याने मुंगीसही इजा न करता चालावे आणि कोणासही आपले म्हणू नये. वासनिकाने पाळावा, तर सेवा म्हणून पाळावा. मृत्यूनंतर अश्रू आले तर ते दोष नव्हेत. ते सेवेचे शेष आहेत. मात्र त्या अश्रूंनी नामस्मरण थांबू नये, आणि उंबरठ्याशी आलेल्या दुसऱ्या भुकेल्या जीवास, हा माझा नव्हे, म्हणून हाकलून देऊ नये. आपल्यासाठी रडणे आणि परक्यास हाकलणे ही ममतेची खूण आहे. दयेस आपले-परके नसते. ज्याच्या हाताला धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे साधली, त्याचा स्नेह त्यास बांधीत नाही. दंडवत प्रणाम.