शाळेला नको म्हणणारं गाणं

पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या सोबत्याकडं टेपरेकॉर्डर होता. रात्री जेवण झालं की तो पिंक फ्लॉइडची ‘द वॉल’ लावायचा. त्यातल्या एका गाण्यात अचानक शाळकरी पोरांचा घोळका गायला लागतो. माझं इंग्रजी बेताचंच. पण ‘टीचर’ कळलं आणि पोरं मास्तरांवर उलटलीत हेही कळलं. सोबत्यानं अर्थ सांगितला, पोरं शाळेलाच नकार देतायत. मला रागच आला.

येणारच की. आमच्या वस्तीपासून शाळा तीन किलोमीटर. ओढ्याला पाणी आलं की दप्तर डोक्यावर. दहावीच्या फॉर्मसाठी आईनं शेळी विकलेली. आप्पांना सही येत नव्हती. “शिकलास तर चार माणसांत बसशील, न्हाईतर हायेच रोजगार,” एवढंच ते म्हणायचे. अशा घरातल्या पोरानं शाळेला नको म्हणणं म्हणजे वाढलेल्या ताटाला लाथ मारणं. “पोट भरलेल्यांची थेरं ही,” असं मी सोबत्याला सुनावलं.

तरी सूर डोक्यातून जाईना. चौथीत एकदा धडा वाचताना मी ‘होतं’ऐवजी ‘व्हतं’ म्हणालो. मास्तरांनी बाकावर उभं केलं आणि ‘होतं, होतं’ असं म्हणत राहायला लावलं. सगळा वर्ग हसत होता. छड्या पुष्कळ खाल्ल्या, त्या विसरलो. ते हसणं राहिलं. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, “मास्तर हायेत. चांगल्यासाठीच करत्यात.” म्हणजे ज्यांचे उपकार, त्यांच्याबद्दल तक्रार करायची नाही. घरात आई सुद्धा ‘व्हतं’च म्हणायची.

पुढं त्या गाण्याविषयी वाचत गेलो. ते 1979 चं. लिहिलं रॉजर वॉटर्सनं, स्वतःच्या शाळेतल्या जाचाच्या आठवणींवरून. गाणारी पोरं लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली, आणि त्यांना गायला पाठवणारा त्यांचा संगीताचा मास्तरच! गंमत आहे. शाळेला हजार पौंड मिळाले, पोरांच्या हाती तेव्हा काही आलं नाही. मोठी झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी आपला वाटा मागितला. बरं केलं.

पण माझा राग उतरला तो दक्षिण आफ्रिकेतली हकिकत वाचून. तिथल्या गोऱ्या सरकारनं 1953 साली कायदा करून काळ्या पोरांसाठी वेगळं, हलकं शिक्षण आखलं होतं. मजुरीपुरतं शिका, पुढची स्वप्नं बघू नका. 1976 साली सोवेटोत पोरं रस्त्यावर आली तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या. 1980 साली पुन्हा शाळांवर बहिष्कार पडला, आणि पोरांच्या तोंडी हेच गाणं होतं. सरकारनं त्यावर बंदी घातली.

ही काही पोट भरलेली पोरं नव्हती. त्यांच्या आयांनीही काहीबाही विकलंच असेल. त्यांना शाळा हवी होती, गोऱ्यांच्या पोरांना मिळते तशी हवी होती. म्हणून तर ती वर्ग सोडून बाहेर पडली. मी मात्र समजत होतो, की शेळी विकून मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवायची नसतात. उलट शेळी विकली होती म्हणूनच विचारायला हवं होतं, की आईच्या बोलण्याला हसायला शिकवणारी शाळा कशी? आईला हे विचारायचं राहून गेलं. तिनं मास्तरांचीच बाजू घेतली असती, असंही वाटतं.

मी पुढं मास्तरच झालो. एकदा सहावीतलं एक पोरगं वाचता वाचता ‘व्हता’ म्हणालं आणि माझं बोट आपसूक बाकाकडं वळलं. वर्ग हसायच्या तयारीतच होता. मी बोट मागं घेतलं, म्हटलं, “वाच पुढं.” दर वेळी घेतलं असेल, असं छातीठोक सांगवत नाही.