एक हंडी, दोन पंगती

अन्न माणसांना जवळ आणते, हे वाक्य इतक्या वेळा कानांवर येते की ते खरे आहे किंवा नाही हे तपासून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही. धर्मग्रामाच्या सणाला, लग्नाच्या मांडवात, बारशाच्या जेवणात आपण ते उच्चारतो आणि पानावर बसतो. मराठीत मात्र ‘पंक्तिभेद’ हा एक जुना, कडवट शब्द आहे. एकाच चुलीवर शिजलेले अन्न वाढतानाही माणसांना दूर लोटता येते, हे ज्यांनी भोगले त्यांच्या अनुभवाची ती खूण आहे. हा शब्द हाती घेऊन अमेरिकेतील लुईझियाना प्रांतातल्या एका हंडीकडे पाहावे, असे मनात आहे. त्या हंडीचे नाव जांबालाया, आणि तो प्रांत कॅथलिकांचा.

जांबालाया म्हणजे कोंबडी, सॉसेज आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवलेला भात. गोव्याच्या चोरिसांचा पुलाव ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना त्याची कल्पना करणे अवघड नाही. मात्र तेथील ‘आंदुई’ सॉसेज शिर्क्यात मुरवलेले नसून लाकडाच्या धुरावर धरलेले असते. बिडाच्या जाड हंडीत प्रथम सॉसेजच्या चकत्या परततात. त्यांची चरबी सुटली की त्यातच कोंबडीचे तुकडे लाल होऊ देतात. हंडीच्या तळाशी तपकिरी थर धरतो. तो करपता कामा नये आणि खरवडून टाकताही कामा नये, कारण सारी चव तेथेच असते. मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी घालतात. या तिघांना तेथील स्वयंपाकघरात ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. थट्टा खरी, पण कॅथलिक घरातली प्रेमळ थट्टा. त्यांच्या ओलाव्याने तळ सुटतो. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल पद्धतीत येथे टोमॅटो पडतो आणि भात लालसर होतो. खेड्यांकडची केजन मंडळी टोमॅटो निषिद्ध मानतात आणि त्यांचा भात तपकिरी राहतो. या टोमॅटोवरून तेथे जितका वाद होतो तितका धर्मसिद्धान्तांवरूनही होत नसावा. शेवटी तमालपत्र, थाईम, तिखट, मांसाचे पाणी आणि कच्चा तांदूळ. एकदा झाकण ठेवले की मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटे ते उघडायचे नाही, आणि डाव तर घालायचाच नाही. नाहीतर शिते मोडतात.

या हंडीत काय काय एकत्र आले ते तेथील लोक अभिमानाने सांगतात: फ्रेंचांचे सॉसेज, स्पॅनिशांची भात शिजवण्याची रीत, आफ्रिकेचा तांदूळ. पण ‘एकत्र आले’ हे क्रियापद फार सोयीचे आहे. 1719 साली गुलामांना घेऊन पहिली फ्रेंच जहाजे लुईझियानाला पोहोचली. त्यांच्या कप्तानांना आज्ञा होती, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भाताचे बियाणे घ्यावे आणि भातशेती जाणणारी माणसेही विकत घ्यावीत. बियाणे आणि माणूस एकाच यादीत! सेनेगलच्या किनाऱ्यावर आजही मासे, भाज्या आणि भात एकाच भांड्यात शिजतात. जांबालायाच्या चवीत त्या किनाऱ्याची ओळख पटते. फ्रेंच आणि स्पॅनिश आपल्या मर्जीने आले होते. आफ्रिकन आणला गेला होता.

आता पंगतीकडे वळू. ज्या हातांनी ही हंडी ढवळली, त्या हातांना मालकाच्या मेजावर स्थान नव्हते. 1900 साली न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्राने क्रिओल पाककृतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या काळ्या स्वयंपाकिणी काळाच्या पडद्याआड जात आहेत, अशी खंत त्याच्या प्रस्तावनेत आहे. खंत मनापासूनची असेलही. पण ती सुगरण हातचा गेल्याची खंत आहे, त्या बाईला कधी शेजारी बसवले नाही याची नव्हे. गोऱ्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या काळ्या स्त्रियांच्या हातचे अन्न खाल्ले, त्याची तारीफ केली, आणि त्या जेवणाने त्यांच्या न्यायबुद्धीत तीळभर भर पडली नाही. अन्न आपोआप माणसांना जोडत असते, तर लुईझियाना ही पृथ्वीवरील सर्वांत बंधुभावाची भूमी ठरली असती.

आणि दुसऱ्या मेजाचे काय? हा प्रश्न आपल्याला अधिक बोचावा, कारण ते मेज आपले आहे. 1724 च्या फ्रेंच संहितेने लुईझियानातील प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकावर बंधनकारक केले आणि रविवारी त्याच्याकडून काम घेण्यास मनाई केली. त्याच संहितेने गोऱ्या-काळ्यांचा विवाह निषिद्ध ठरवला. 1838 साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मालकीच्या 272 स्त्री-पुरुष-बालकांची विक्री केली, तीही याच लुईझियानातील मळेवाल्यांना. गुलामगिरी 1865 मध्ये संपली; तरी त्यानंतर कित्येक दशके काळ्या कॅथलिकांसाठी देवळातील मागची बाके राखून ठेवलेली असत, आणि गोऱ्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर त्यांची पाळी येई. एक भाकर, एक प्याला, आणि दोन पंगती. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी 1953 साली पत्रक काढून बाकांवरचा आणि वेदीच्या कठड्याजवळचा हा भेद बंद करण्यास फर्मावले. कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या व्हायला 1962 उजाडले, आणि त्यासाठी विरोध करणाऱ्या तिघांना बहिष्कृत करावे लागले. येशूसंघाने त्या विक्रीबद्दल 2017 मध्ये प्रार्थनासभेत जाहीर क्षमा मागितली. म्हणजे 179 वर्षांनी.

येथे कुणी म्हणेल, जेवताना हे कशाला उकरावे? घास गोड लागू द्यावा. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्या स्त्रियांनी ही हंडी घडवली त्यांना तिचा अभिमान होता. त्यांनी ती आपल्या मुलाबाळांसाठी, आपल्या सणांसाठीही शिजवली. इतिहास काळा म्हणून ताट दूर सारणे हा त्यांचा दुसऱ्यांदा अपमान होईल. पण चवीने खाणे आणि विसरून खाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या घरी सणाचे मटण ज्या बाईंच्या मदतीने शिजते, त्यांचा चहाचा कप आपल्या कपांच्या रांगेत असतो की मोरीजवळच्या फळीवर? प्रश्न लहान आहे. पंक्तिभेद मात्र अशा फळीवरच राहतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये लिआ चेस नावाची एक काळी, श्रद्धाळू कॅथलिक स्त्री होती. 1923 साली जन्मलेली, 2019 साली देवाघरी गेली. आपल्या सासरच्या ‘डुकी चेस’ खानावळीचे स्वयंपाकघर तिने अनेक दशके सांभाळले. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका मेजावर जेवणे हे तेव्हा तेथील कायद्याच्या विरुद्ध होते. साठच्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीतील दोन्ही वर्णांची माणसे तिच्या वरच्या मजल्यावरील खोलीत जमत, मसलती करत आणि शेजारी शेजारी बसून जेवत. 1961 मध्ये बसमधून निघालेले ‘फ्रीडम रायडर्स’ही तेथे जेवून गेले. तिच्या हातचे अन्न उत्तम होते यात शंका नाही, पण तसे उत्तम अन्न त्या शहरात दोनशे वर्षे शिजतच होते. तिने वेगळे केले ते एवढेच, की त्या खोलीत खुर्च्या एकाच मेजाभोवती मांडल्या, पोलीस केव्हाही जिना चढून येतील हे ठाऊक असताना.