गोळ्या संपल्यानंतरचं रक्त

‘गोळ्या संपल्या, रोग संपला’ हे वाक्य कुष्ठरोगाबद्दल इतक्या खात्रीनं बोललं जातं की त्याचा दुसरा अर्धा भाग नेहमी खरा नसतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो, हे भद्रावती-वरोऱ्याकडे वेगळं सांगायला नको; कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलेलं आनंदवन १९४९पासून शेजारीच आहे. पण जंतू मरणं वेगळं आणि दाह विझणं वेगळं. मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात उरतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि काही रोग्यांना ताप, लाल दुखऱ्या गाठी, सुजलेल्या नसा असा फेरा सुरू होतो. कुष्ठरोगाचे कार्यकर्ते त्याला ‘रिअॅक्शन’ म्हणतात. गाठींची ही रिअॅक्शन, जिला दुसऱ्या प्रकारची म्हणतात, अनेकदा वर्षानुवर्षं उलटत राहते. दाह दाबायला दिलेलं स्टेरॉईड उतरवलं की गाठी परततात, चालू ठेवलं की रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डोस कधी उतरवायचा, हे आजही बरंचसं अंदाजानंच ठरतं.

म्हणून संशोधक रक्तात दाहाच्या खुणा शोधतात: सीआरपी, इंटरल्युकिन-६, पेन्ट्रॅक्सिन-३, पांढऱ्या पेशींवरचा सीडी-६४. यावर आक्षेप असा, की सीआरपी कशानंही वाढतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, क्षय आहे, सिकलसेल आहे. इथं वाढलेला आकडा नेमकं काय सांगणार? आक्षेप बिनतोड आहे, पण तो रोग ओळखणाऱ्या खुणेला लागू पडतो. मागोवा घेणाऱ्या खुणेचं काम निराळं. ज्याचा रोग ठाऊकच आहे, त्याचा आजचा आकडा त्याच्याच गेल्या महिन्याच्या आकड्याशी ताडायचा असतो. मध्येच हिवताप झाला तर तो तपासून बाजूला काढता येतो. बोटाच्या थेंबभर रक्तावर अशा अनेक खुणा एकाच पट्टीवर मोजण्याची चाचणी नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी बांगलादेशात वापरून पाहिली आहे. म्हणजे शहरातल्या प्रयोगशाळेचीच वाट पाहायला हवी असं नाही.

आपल्या भाषेनं या रोगाला ‘रक्तपिती’ म्हटलं आणि रक्तातला रोग तो वंशातला, या समजुतीनं कितीतरी सोयरिकी मोडल्या. १८७३मध्ये नॉर्वेच्या हान्सेननं जंतू दाखवला. त्याचं घर कातडी आणि नसा. आता आपणच रक्त मागायला गेलो तर ती जुनी भीती जागी होईल, हे धरून चालावं. वाढलेला आकडा शरीराचा क्षोभ दाखवतो, कुळाचा डाग नव्हे, हे सुई टोचण्याआधी सांगावं लागेल.

‘नस हातानं चाचपा, रोग्याला विचारा, रक्त कशाला?’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर देताना मात्र मला माझीच बाजू सैल करावी लागते. आकडा रोग्याच्या शब्दापेक्षा वरचढ, असं मी धरून चाललो होतो. पण रक्तातली खूण खरी की खोटी, हे ठरवायला संशोधक रिअॅक्शनच्या तीव्रतेची मोजपट्टी वापरतात, आणि त्या मोजपट्टीत पहिला प्रश्न वेदनेचा असतो. म्हणजे खुणेची साक्ष शेवटी रोग्याच्या दुखण्याशीच जुळवून पाहायची. तरीही हात आणि शब्द पुरत नाहीत, कारण कुष्ठरोगात नस कधी कधी न दुखताही मरते. अशा मुक्या ऱ्हासाला रक्तातली खूण वेळेत पकडेल, याची हमी अजून कुणी देऊ शकत नाही. पण शोध घ्यायचा तो नेमका तिथंच. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी कोपरामागची नस चाचपावी, ‘दुखतं का?’ विचारावं, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तरी हाताची ताकद आणि बधिरपणा दर भेटीला तपासून लिहून ठेवावा.