नऊ हजारांचे किती?

कामावर माझ्याकडे एक कोष्टक आलं होतं. दोन चलनं, तारीख आणि दर, एवढेच रकाने. केनियन आणि युगांडन शिलिंगांचे जुने दर भरायचे होते. 1966 मध्ये दोन्ही चलनं सुरू झाली तेव्हा दर एकास एक होता, कारण दोन्ही एकाच पूर्व आफ्रिकी शिलिंगाच्या पोटची. आज एका केनियन शिलिंगाला पंचवीसहून जास्त युगांडन शिलिंग मिळतात. पण मध्ये, 1987 मध्ये, युगांडाने दोन शून्यं उडवली. शंभर जुन्यांचं एक नवं, वर बदलून देताना तीस टक्के कर कापला. जुन्या शिलिंगात मोजलं तर आजचा दर अडीच हजारांच्या वर जातो. प्रोग्रॅमरला हा साधा बग वाटतो. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडलंय, तर वेगळे कोड द्या. तसे ते आहेतही. काम संपलं.

मी मात्र अजून मागे जात राहिलो आणि तिथे भेटला आपला रुपया. युगांडा रेल्वे बांधायला 1896 पासून हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले, त्यांच्याबरोबर रुपयाही गेला, आणि पुढे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचं चलनच झाला. पंधरा रुपयांना एक पौंड, म्हणजे रुपयाला एक शिलिंग चार पेन्स. पहिल्या महायुद्धानंतर चांदी भडकली, रुपया चढला, आणि 1920 मध्ये तिकडच्या सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधून टाकला. आता दहा रुपयांना पौंड. रुपयाच्या जागी आधी फ्लोरिन आला, वर्षभरात त्याचे दोन शिलिंग झाले. इकडे हिंदुस्थान सरकारनेही 1920 मध्ये दोन शिलिंगांचाच दर धरायचा प्रयत्न केला आणि तोंडावर आपटलं. रुपया घसरला तो घसरलाच, 1927 मध्ये एक शिलिंग सहा पेन्सांवर बसवावा लागला. म्हणजे काही काळ तेच नाणं मोंबासात महाग आणि मुंबईत स्वस्त होतं.

आता समजा, 1914 साली एका गोऱ्या मळेवाल्याने दीडशे रुपये कर्ज काढलं. ते दहा पौंड होते. 1921 मध्ये तेच दीडशे फेडायला पंधरा पौंड लागू लागले. त्याची कॉफी विकली जायची लंडनमध्ये, पौंडात. अन्याय झाला म्हणून मळेवाले ओरडले, आणि मला तरी ते ओरडणं खोटं वाटत नाही. पण मग 1921 मध्येच त्यांनी आफ्रिकी मजुरांची मजुरी एक तृतीयांशाने कापायचं ठरवलं. गणित चोख आहे. रुपया पौंडात दीडपट झाला, एक तृतीयांश कापला की मजुरी पौंडात होती तिथेच. दोन्हीकडे त्यांनी एकच माप लावलं, दुटप्पीपणा शोधून सापडत नाही. फक्त माप त्यांचं होतं. मजुराने पौंड कधी पाहिला? त्याचं माप म्हणजे मीठ, कापड आणि झोपडीकर, आणि कर तर त्याच सुमारास वाढला होता. हॅरी थुकू या तरुणाने नैरोबीत याविरुद्ध माणसं जमवली. मार्च 1922 मध्ये त्याला पकडलं, आणि सोडा म्हणत जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला. माणसं मेली.

परळच्या बीआयटी चाळीत ज्यांचं बिऱ्हाड होतं, त्या डॉ. आंबेडकरांनी 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये आपल्याकडची बाजू मांडली आहे. रुपया पडला की निर्यातदाराला फायदा होतो खरा, पण मजुरी भावांच्या मागे रेंगाळते, आणि तो फायदा कामगाराच्या खिशातून येतो. दर ही दोन देशांमधली गोष्ट वाटते. ती एकाच गावातल्या दोन माणसांमधलीही असते.

हे सगळं मी रे रोडच्या आमच्या खोलीत बसून वाचत होतो, आणि भिंतीपलीकडे काकूंचा टीव्ही चालू होता.

1997 मध्ये माझ्या जन्माच्या वेळी आईचं सिझेरियन झालं. बाबा तेव्हा दारूखान्यात, जुनी जहाजं तोडून निघालेल्या लोखंडाच्या एका वखारीत हिशेब लिहायचे. तीन हजार पगार. काकूंनी दोन तोळ्यांच्या बांगड्या मोडून नऊ हजार दिले. ते फेडायचे राहून गेले. आधी नव्हतेच, मग लाज वाटू लागली, मग कोणी विषयच काढला नाही.

बाबा म्हणतात, “घेतले नऊ, द्यायचे नऊ. वर एक चांगली साडी.” मी सात टक्के व्याज लावलं तर साठ हजारांच्या आसपास येतात. सोन्याने मोजलं तर दोन लाखांच्या वर. पगाराने मोजलं तर बाबांचे तेव्हाचे तीन महिने म्हणजे माझे आताचे तीन महिने, तो आकडा आणखी वेगळा. चारही उत्तरं बरोबर आहेत. आणि एक कबूल करतो. साठ हजारांवर आलो तेव्हा मला हलकं वाटलं होतं. व्याजाचा दर न्याय्य आहे असं मनाने लगेच ठरवूनही टाकलं होतं. मग आठवलं, कॉफी माझी आहे.

म्हणून मी काकूंनाच विचारलं. ऋणकोने माप निवडू नये, एवढं तरी कळलं होतं. त्या हसल्या. “बांगड्या मोडल्या नसत्या तर आज माझ्याकडे असत्या, असं वाटतं का रे तुला? पुढच्याच वर्षी ह्यांचं आजारपण निघालं. तेव्हा मोडायला काहीच नव्हतं, एवढंच.”

सोन्याचा हिशेब तिथेच कोसळला, आणि त्या जागी जे उभं राहिलं त्याला माझ्याकडे रकाना नाही. काका त्या आजारातच गेले. औषधाला कमी पडले होते का, हे मी विचारू शकलो नाही. बाबांना विचारलं. ते बराच वेळ गॅलरीबाहेर हार्बर लाइनकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “साडी नको नेऊस.”

रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत. चेकवर नाव लिहून ठेवलंय.